हेमकुंडला जायचंय? मग आधी सिंहगडाचं टायमिंग विसरा

सिंहगड आतकरवाडीतून पन्नास मिनिटांत चढतो हे मी लोकांना न विचारता सांगायचो. दर रविवारी पहाटे निघायचं, पुणे दरवाजात पोचलं की घड्याळ बघायचं, मग मडक्यातलं दही, कांदाभजी, आणि खाली येऊन ग्रुपवर टाईम टाकायचा. तर हाच माणूस पहिल्यांदा हेमकुंडला गेला तेव्हा अर्ध्या वाटेत एका दगडावर बसून सकाळचा आलू पराठा ओकून बाहेर काढत होता, डोकं असं ठणकत होतं की डोळे उघडवत नव्हते, आणि शेजारून सत्तरीतले एक सरदारजी काठी टेकत टेकत "हौली हौली, पुत्तर" म्हणून पुढे निघून गेले. त्या वर्षी मी तळं न बघताच खाली आलो. दुसऱ्या वर्षी पोचलो, पण तेव्हा मी त्या सरदारजींच्या स्पीडने चाललो होतो. खाली लिहिलंय ते सगळं या दोन ट्रिपांमधल्या फरकातून आलंय.

आधी जागा कुठेय ते सांगतो. हेमकुंड म्हणजे उंच डोंगरातलं तळं आणि त्याच्या काठावरचा शिखांचा गुरुद्वारा. उत्तराखंडात चमोली जिल्हा, बद्रीनाथच्या रस्त्यावर जोशीमठच्या पुढे गोविंदघाट लागतं, तिथून चालत घांघरिया, आणि घांघरियाहून दोन वाटा फुटतात. डावीकडची व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जाते, उजवीकडची हेमकुंडला. व्हॅली 1982 पासून नॅशनल पार्क आहे आणि 2005 पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत. हेमकुंड पार्कच्या गेटच्या आत नाही, शेजारच्या खोऱ्यात वर आहे, पण सगळा भाग नंदादेवी बायोस्फिअर रिझर्व्हचा, त्यामुळे कचरा, फुलं, प्लास्टिक याबाबतीत दोन्हीकडे सारखंच वागायचं असं धरून चाला.

आपल्याला तळं म्हटलं की राजगडावरचा पद्मावती तलाव आठवतो, नाहीतर कातळात खोदलेली टाकी, म्हणजे माणसाने केलेली. हेमकुंड हिमनदीने कोरलेलं आहे. शाळेत भूगोलात हिमगव्हर आणि हिमोढ असे शब्द घोकले होते ना, ते इथे डोळ्यांनी बघायला मिळतात. डोंगराच्या कुशीत बर्फ साठत जातो, स्वतःच्या वजनाने सरकतो, जाताना खालचा खडक खरवडून वाटीसारखा खळगा करतो, बरोबर आणलेले दगडगोटे तोंडाशी टाकून देतो, आणि बर्फ गेला की त्या वाटीत पाणी राहतं. तळ्याच्या काठावर उभं राहून मागे बघा, तीन बाजूंनी कडे अंगावर आलेले दिसतील आणि एका बाजूने पाणी बाहेर पडताना दिसेल. ते पाणी खाली घांघरियाजवळ व्हॅलीतून येणाऱ्या पुष्पावतीला मिळतं, पुढे त्याचीच लक्ष्मणगंगा होते आणि गोविंदघाटला ती अलकनंदेत जाते. म्हणजे चालताना तुम्ही सबंध वेळ त्या तळ्याच्याच पाण्याला धरून उलटे वर जात असता. हे लक्षात आलं ना की घांघरियापर्यंतची कंटाळवाणी वाट जरा कमी कंटाळवाणी होते.

कधी जायचं? गुरुद्वारा साधारण मे अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत उघडा असतो, व्हॅली 1 जून ते 31 ऑक्टोबर. आपल्याकडे शाळांच्या सुट्ट्या मे-जूनला म्हणून लोक तेव्हा जातात आणि मग तळं गोठलेलं निघतं, हेमकुंडच्या वाटेवर अटलाकोटीजवळ बर्फ कापून केलेल्या वाटेतून जावं लागतं आणि व्हॅलीत फुलं नसतात. बर्फच बघायचा असेल तर ठीक. फुलं पाहिजेत तर जुलैचा शेवट ते ऑगस्ट, पण तेव्हा दरडी कोसळून रस्ता बंद होणं ही रोजची गोष्ट, आणि पाऊस असा की पुण्यातला पाऊस लाजेल. माझं मत विचाराल तर ऑगस्टचा शेवट किंवा सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. फुलं ओसरायला लागलेली असतात खरी पण हेमकुंडच्या वरच्या टप्प्यात ब्रह्मकमळं अजून असतात, तळं पूर्ण मोकळं असतं आणि डोंगर दिसण्याची शक्यता जास्त. फक्त गणपतीच्या तारखा आधी बघा, नाहीतर घरून परवानगी मिळणार नाही, ते पार्क परमिटपेक्षा अवघड प्रकरण आहे.

आता तयारी. पुणेकराचा घोळ इथेच होतो. आपले पाय तयार असतात, त्यामुळे आपण तयार आहोत असं वाटतं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटरवर, सिंहगड 1300 च्या आसपास, कळसूबाई 1646, महाराष्ट्रात त्याच्या वर काही नाहीच. घांघरियाचं हॉटेल, जिथे तुम्ही फक्त झोपणार आहात, ते 3000 मीटरच्या वर आहे. म्हणजे झोपायची जागाच कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंच आणि तळं 4000 च्याही वर, तिथे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन समुद्रकिनाऱ्याच्या मानाने साधारण साठ टक्के. ही सवय सिंहगडावर होत नाही, कितीही वेळा चढा. पायांची तयारी वेगळी, उंचीची वेगळी, आणि दुसरी फक्त तिथे जाऊन, सावकाश, झोपून आणि पाणी पिऊनच होते.

तरी पाय तयार लागतातच. निघायच्या आधी सहा-आठ आठवडे हे करा. एरवी रोज तळजाई किंवा वेताळ टेकडी, आणि रविवारी सिंहगड, पण पाठीवर पाच-सहा किलोची सॅक घेऊन आणि असा वेग ठेवून की शेजारच्याशी न थांबता बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे, एवढी साधी टेस्ट. शेवटच्या तीन-चार आठवड्यांत शनिवार-रविवार लागोपाठ दोन्ही दिवस चढा, कारण तिथे सलग तीन-चार दिवस चालायचंय आणि दुसऱ्या दिवशीचे पायच खरे पाय. आणि पर्वती. हसू नका. हेमकुंडच्या शेवटच्या टप्प्यात एक शॉर्टकट आहे, सरळ दगडी पायऱ्यांचा, हजारेक पायऱ्या असतील. पर्वतीच्या 103. तर पर्वती दहा वेळा वरखाली, हा मी केलेला सगळ्यात उपयोगी व्यायाम, फक्त सकाळी नेहमी येणारे आजोबा पाचव्या फेरीनंतर "काय हो, नवस आहे का?" असं विचारतात.

सामानाचं फार लांबवत नाही. घोट्यापर्यंतचे बूट, आणि ते नवे कोरे नकोत, दोन महिने वापरलेले. ॲक्शनचे ट्रेकिंग बूट, जे आपला सगळा सह्याद्री वापरतो, ते या वाटेला पुरतात कारण वाट बांधीव दगडी आहे, पण ओली असते आणि खेचरांच्या लिदीने गुळगुळीत झालेली असते, म्हणून तळव्याची नक्षी झिजली असेल तर नवे घ्या आणि आत्ताच वापरायला लागा. पोंचो सॅकसकट झाकेल असा. माझा पहिला पोंचो रस्त्यावरचा स्वस्तातला होता, पहिल्याच तासात काखेत फाटला आणि उरलेला दिवस मी पिशवीत भरलेल्या मेथीसारखा चाललो. जीन्स नको, ओली झाली की वाळत नाही. एक काठी, उतरायला. गरम टोपी, हातमोजे, एक फ्लीस, आणि कोरड्या मोज्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून सॅकमध्ये अगदी वर, का ते पुढे सांगतो. खायला घरून खजूर-शेंगदाण्याचे लाडू, चिक्की, गूळपोळी. बाकरवडी पण न्या, पण ती स्वतःसाठी नाही, वाटेत ओळखी करायला. आणि रोख पैसे जोशीमठलाच काढून ठेवा, वर नेटवर्क रुसलं की फोनवरून पैसे देण्याची गोष्ट संपली.

रजिस्ट्रेशन विसरू नका. हेमकुंडसाठी चारधामसारखंच उत्तराखंड टुरिझमच्या पोर्टलवर आधी नाव नोंदवावं लागतं, त्याची प्रिंट काढून ठेवा. व्हॅलीचं परमिट वेगळं, ते फॉरेस्टकडे फी भरून.

प्रवास असा. पुण्याहून दिल्ली, मग हरिद्वार किंवा ऋषिकेश. ऋषिकेश ते गोविंदघाट अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, ऐकायला पुणे-नाशिकपेक्षा थोडं जास्त, पण सगळा घाट, अख्खा दिवस जातो, आणि रात्री डोंगरात गाड्या चालवू देत नाहीत म्हणून पहाटे पाचला निघायचं. वाटेत देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग ओळीने लागतात आणि जोशीमठच्या पुढे विष्णुप्रयाग, पाचही प्रयाग एकाच रस्त्यावर होतात. आजीला फोटो पाठवायचा असेल तर देवप्रयागचा पाठवा, भागीरथी आणि अलकनंदेच्या पाण्याचे दोन वेगळे रंग तिथे बऱ्याचदा चांगले दिसतात. मुक्काम जोशीमठला करा, पुढे पळू नका. ते 1900 मीटरच्या जवळपास आहे, शरीराला पहिली पायरी मिळते. मी पहिल्या वर्षी एक दिवस वाचवायला थेट पुढे गेलो होतो, तो वाचवलेला दिवस मला तळ्याएवढा महाग पडला.

दुसऱ्या दिवशी गोविंदघाट, तिथून शेअर जीपने चार किलोमीटरवर पुलना, आणि मग चालणं सुरू. पुलना ते घांघरिया नऊ-दहा किलोमीटर. वाट नदीच्या कडेने, सोपी, दर थोड्या अंतरावर चहा-मॅगीची टपरी. 2013 च्या पुरात या खोऱ्याचं अतोनात नुकसान झालं होतं, नदीपात्रातले घराएवढे दगड बघितले की पाण्याने काय केलं असेल याचा अंदाज येतो. खेचरं सतत येत-जात असतात आणि इथे एक गोष्ट पाठ करा: खेचर आलं की डोंगराच्या बाजूला सरकून उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. त्याच्या पाठीवरचं सामान रुंद असतं, त्याचं तुमच्याकडे लक्ष नसतं, आणि तो धक्का मुद्दाम नसला तरी तुम्ही खालीच जाणार.

गोविंदघाट ते घांघरिया हेलिकॉप्टर पण असतं, हवा चांगली असेल तर. ज्येष्ठांना ठीक, पण त्यात एक गोम आहे, तुम्ही पाच-दहा मिनिटांत हजार-बाराशे मीटर वर उडी मारता आणि शरीराला पत्ताच नसतो. हेलिकॉप्टरने गेलात तर दुसऱ्या दिवशी लगेच हेमकुंड अजिबात नको.

खरं तर चालत गेलात तरी दुसऱ्या दिवशी लगेच हेमकुंड नको. बहुतेक लोक आधी हेमकुंड उरकतात, "मुख्य ते आधी करून घेऊ" म्हणून, आणि मग दमून व्हॅलीत जातात किंवा जातच नाहीत. उलटं करा. पहिला दिवस व्हॅली. तिथे तुम्ही घांघरियापेक्षा थोडेसेच वर जाता, दिवसभर सावकाश फिरता, आणि परत खाली येऊन झोपता. शरीराला जे हवं असतं ते नेमकं हेच. 3000 मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा सर्वसाधारण नियम आहे, आणि हेमकुंडची चांगली गोष्ट ही की तिथे मुक्काम करूच देत नाहीत, वर जायचं आणि परत घांघरियातच झोपायचं.

व्हॅलीबद्दल थोडं. सकाळी 7 ला गेट उघडतं, दुपारनंतर आत सोडत नाहीत आणि संध्याकाळी 5 च्या आत बाहेर. आत तंबू, मुक्काम, खेचर काही नाही, टपरीसुद्धा नाही, डबा-पाणी बरोबर न्या आणि रॅपर परत आणा. 1931 मध्ये फ्रँक स्माइथ आणि मंडळी कामेट शिखर सर करून परतताना या दरीत उतरली आणि तिचा बाहेर बोलबाला झाला, पण भ्यूंडार गावच्या लोकांना ती आधीपासून माहीत होतीच, त्यांची जनावरं तिथे चरायची. पार्क झाल्यावर चराई बंद झाली. आणि गंमत म्हणजे त्यानंतर पॉलिगोनम नावाचं उंच झुडूप माजलं जे बाकीच्या फुलांना वर येऊ देत नाही, फॉरेस्टवाले ते दरवर्षी उपटतात, आणि गावकरी म्हणतात जनावरं होती तेव्हा ही पाळीच येत नव्हती. कासच्या पठारावरून आपल्याकडे हाच वाद चालतो, कुंपण घालावं की गुरं सोडावीत, त्यामुळे ऐकताना एकदम घरचं वाटलं. आत पुढे एक थडगं आहे, जोन मार्गारेट लेग या ब्रिटिश बाईंचं, फुलांचे नमुने गोळा करायला आल्या होत्या आणि 1939 मध्ये इथेच पाय घसरून गेल्या. तिथपर्यंत जा, बसा, डबा खा, परत या. फुलं तोडू नका, आणि फोटोसाठी फुलांत आडवं पडणाऱ्यांना जरा पुणेरी पद्धतीने बोला, माझी पूर्ण परवानगी आहे.

आता हेमकुंडचा दिवस. अंतर फक्त 6 किलोमीटर आहे, पण चढ अकराशे-बाराशे मीटरचा, म्हणजे सिंहगडाच्या दुप्पट, आणि सिंहगड जिथे संपतो त्याच्याही पावणेदोन हजार मीटर वर हा सुरू होतो. पहाटे पाचला निघा. दुपारी 2 नंतर वर थांबू देत नाहीत आणि ढगही दुपारी चढतात. स्वतःसाठी एक वेळ ठरवून घ्या, माझी 12 ची होती: बारा वाजता जिथे असेन तिथून परत, तळं दोन वळणांवर राहिलं असलं तरी. वेळ खाली बसून ठरवायची, वर गेल्यावर ठरवायला गेलं की माणूस स्वतःशीच घासाघीस करतो.

वेग कसा? पहिला अर्धा तास असा चाला की तुमची तुम्हालाच लाज वाटली पाहिजे. पाऊल टाका, पूर्ण श्वास घ्या, पुढचं पाऊल. नाकाने श्वास पुरला पाहिजे. तोंड उघडावं लागलं की वेग कमी. मागून पोरं पळत जातील, जाऊ द्या, दोन वळणांनंतर रेलिंगला धरून उभी दिसतील. थांबायचं ते उभ्या-उभ्या अर्धा मिनिट, बसायचं नाही, बसलं की अंग गार पडतं. दर वीस मिनिटांनी दोन घोट पाणी, तहान असो नसो. टपऱ्यांवर चहा घ्या, पण पोटभर पराठे नकोत, माझं उदाहरण वर दिलेलं आहेच.

आणि डोकं. थोडं जड वाटणं बऱ्याच जणांना होतं, थांबून पाणी पिऊन ठीक होत असेल तर सावकाश पुढे जा. पण डोकं ठणकतंय आणि सोबत मळमळ, चक्कर किंवा विचित्र थकवा आहे, तर वर जाणं बंद, आणि कमी होत नसेल तर उतरायला लागा. कोणी तोल जाऊन चालत असेल, असंबद्ध बोलत असेल, किंवा बसल्या जागी धाप आणि खोकला थांबत नसेल तर वाट बघत बसू नका, त्या क्षणी खाली, आणि एकट्याला पाठवू नका. उतरणं हेच औषध. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची असेल तर पुण्यातच डॉक्टरांना विचारून घ्या, सल्फाची ॲलर्जी, किडनीचा त्रास असेल तर आवर्जून सांगा. मित्राने त्याच्या पाकिटातून दिली म्हणून वाटेत गिळू नका. बीपी, दमा, हृदयाचं काही असेल तर आधी तपासणी, इथे "मला काही होत नाही" चालत नाही.

पायऱ्यांच्या फाट्यापाशी दोन पर्याय असतात, लांब वळणाची खेचरवाट किंवा सरळ पायऱ्या. चढताना खेचरवाट घ्या. ब्रह्मकमळं या वरच्या टप्प्यात दिसायला लागतात, वाटेलगतच्या उतारांवर, फिकट हिरवट-पांढऱ्या कागदी पाकळ्या मिटल्यासारख्या, आत जांभळट काहीतरी. आपल्याकडे गच्चीतल्या कुंडीत रात्री फुलतं आणि ज्याचे फोटो सगळी सोसायटी टाकते ते ब्रह्मकमळ नव्हे, ते निवडुंगाच्या कुळातलं आहे. खरं हे.

वर पोचलात की आधी चप्पल-बूट स्टँड, डोक्यावर रुमाल, आणि ओले मोजे काढून पिशवीतले कोरडे घाला. आता कळलं का? गुरुद्वाऱ्याची फरशी बर्फासारखी असते आणि गार पाय घेऊन तुम्ही दहा मिनिटं पण बसू शकत नाही. आत ब्लँकेटं देतात. लंगरमध्ये गरम खिचडी आणि गोड चहा, ती खिचडी मी दोनदा मागून घेतली. तळ्यात पुरुष बाहेर आणि बायका आतल्या बंदिस्त जागेत डुबकी मारतात, इच्छा असेल तर एक डुबकी, लगेच अंग पुसून कोरडे कपडे. पोहायचं नाही, साबण नाही, आणि चढून आल्याबरोबर घामेजलेले असताना तर नाहीच, पंधरा मिनिटं थांबा. शेजारी लक्ष्मणाचं छोटं मंदिर आहे, स्थानिक लोक या तळ्याला लोकपाल म्हणतात.

लंगरमध्ये शेजारी बसलेल्या आजोबांनी कुठून आलात विचारलं, मी महाराष्ट्र, पुणे म्हटलं, तर पुणे त्यांच्या डोक्यावरून गेलं पण महाराष्ट्र ऐकून चेहरा फुलला. "हुजूर साहिब वाले!" गुरु गोविंदसिंगांचा अंत 1708 मध्ये आपल्या नांदेडला झाला, तिथला गुरुद्वारा म्हणजे हुजूर साहिब, आणि मागच्या जन्मी त्यांनी तप केलं ती सात शिखरांमधली जागा हीच अशी शिखांची श्रद्धा. त्यांनी विचारलं नांदेडला किती वेळा गेलात. एकदाही नाही. हेमकुंडला दोन वेळा आलेला माणूस नांदेडला गेलेला नाही हे त्यांना काही केल्या पटेना. मी बाकरवडीचं पाकीट पुढे केलं आणि विषय बदलला.

उतरताना घाई नको, गुडघे इथेच जातात. काठी खालच्या पायरीवर आधी टेकवायची, मग पाय. पायऱ्या ओल्या असतील तर उतरतानाही खेचरवाटच. घांघरियात पोचल्यावर बाजारात गरम गुलाबजाम मिळतात, त्या दिवशी कॅलरी मोजायच्या नाहीत.

शेवटची गोष्ट तिकिटाची. गोविंदघाटहून निघाल्याच्या दुसऱ्या दिवशीची दिल्लीहून गाडी किंवा विमान काढू नका. मध्ये एक पूर्ण दिवस रिकामा ठेवा. रस्ता चालू असला तर बद्रीनाथ तिथून 25 किलोमीटर आहे, तो दिवस तिकडे जाईल. दरड पडली तर तोच दिवस जोशीमठच्या अलीकडे-पलीकडे गाडीत बसून काढावा लागेल, आणि तेव्हा लाडू उरलेले असले म्हणजे झालं.